थंडीतले जंतू आणि सूनबाईची आमटी

आमच्या शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मी दुबईला पुतण्याकडे गेलो होतो. आपल्या मॉरिशसमध्ये थंडी, तिकडे ४५ अंशांचे ऊन! एके दुपारी सूनबाईने फ्रिजमधून पाच दिवसांची मासळीची आमटी काढली. "काका, थंडीत जंतू मरतातच ना?" मास्तर माणूस मी, उत्तर दिल्यावाचून राहवेना.

वाचक हो, बहुतेक जंतू थंडीत मरत नाहीत, थबकतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू ३७ अंशांवर मजेत वाढतो. त्याला एकदम १० अंशांवर नेले की वाढ थांबते. प्रथिने बनवण्याचा निरोप आर.एन.ए.च्या धाग्यावर लिहिलेला असतो. थंडीत तो धागा ओल्या सुतासारखा स्वतःतच गुंततो. मग निरोप वाचणार कसा? त्यावर उपाय म्हणून जिवाणू सी.एस.पी.ए. नावाचे प्रथिन भराभर करू लागतो. ते धाग्याला चिकटून गुंता सोडवते. अमेरिकेतील मासायोरी इनोये आणि सहकाऱ्यांनी १९९० साली त्याची माहिती प्रसिद्ध केली.

पण सगळेच निरोप गुंतले असताना नेमका याच प्रथिनाचा निरोप कसा वाचला जातो? गंमत इथेच आहे. उबेत त्याचा धागा काही सेकंदांत तुटून जातो, थंडीत मात्र टिकतो, आणि वाचायला सोपी पडेल अशी घडी घेतो. काही तासांनी प्रथिन पुरेसे झाले की ते स्वतःच्याच निरोपावर परिणाम करते आणि त्याचे उत्पादन उतरते. हे २०१८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उलगडून दाखवले. रायबोसोमच्या प्रथिनांचेही असेच असते. रायबोसोममध्ये जागा न उरलेले प्रथिन आपल्याच निरोपावर जाऊन बसते, हे नोमुरा यांनी १९८० च्या सुमारास दाखवले होते. पोळ्या पुरेशा झाल्या की आपल्या घरची बाई तवा उतरवते, तसेच ते.

या कुटुंबातली चार प्रथिने काढून टाकली तर ई. कोलाय १५ अंशांवर वाढूच शकत नाही. लिस्टेरिया नावाच्या जंतूकडेही अशीच प्रथिने आहेत, आणि तो तर फ्रिजच्या ४ अंशांवरही हळूहळू वाढतो. गरोदर स्त्रियांना आणि म्हाताऱ्यांना त्याचा धोका अधिक.

सूनबाई तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिने मुकाट्याने आमटी टाकून दिली. पुतण्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला, कारण ती आमटी त्याने स्वतः केली होती.