मैत्रीचा धडा

‘जिवलग मित्र आणि प्रियकर यांतला फरक मेंदूला कळतो का?’ असं एका वाचक मुलीनं विचारलं आहे. पत्र नेमकं फ्रेंडशिप डेच्या आठवड्यात आलं, तेव्हा प्रश्न निव्वळ अभ्यासापोटी नसावा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या आंद्रेआस बार्टेल्स आणि सेमिर झेकी यांनी १७ प्रेमवेड्यांना एमआरआय यंत्रात झोपवलं होतं. २००० साली त्यांचा निबंध आला. प्रत्येकाला प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवायचा, आणि तीन मित्रमैत्रिणींचेही. मेंदूच्या पहिल्या नोंदीतून दुसरी वजा करून जे उरेल, ते प्रेम! दुकानदार तेल मोजण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो ना, तसा इथे मैत्रीचा धडा केला होता. प्रेमावर मथळे झळकले. भांड्यात काय होतं, हे कोणी विचारलंच नाही.

ते विचारलं बर्कली विद्यापीठातल्या संशोधक ॲनालिस बिअरी यांनी, आणि तेही उंदरांच्या भाऊबंदांना. अमेरिकेच्या गवताळ माळरानावर प्रेअरी व्होल नावाचा मूठभर प्राणी राहतो. १९७० च्या दशकात इलिनॉयमध्ये संशोधक लोवेल गेट्झ व्होलच्या गणतीसाठी पिंजरे लावत, तेव्हा एकाच पिंजऱ्यात नर-मादी सापडत आणि पुढच्या खेपेला पुन्हा तीच जोडी! (प्रेमाच्या रसायनशास्त्राचा उगम हा असा पिंजऱ्यात आहे, पण व्हॅलेंटाइनच्या लेखांत गेट्झ यांचं नाव क्वचितच येतं.) पुढे स्यू कार्टर आणि इतरांनी या जोड्यांमागचं ऑक्सिटोसिन शोधलं, आणि बाजारानं त्याला ‘प्रेमाचं संप्रेरक’ करून टाकलं. आता त्याचे फवारेही विकले जातात.

त्या बिरुदाला २०२३ साली तडा गेला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जनुकं कापून ऑक्सिटोसिनचा ग्राहीच, म्हणजे ते टिपणारा पेशीवरचा रेणूच, नसलेले व्होल घडवले. तरीही त्यांच्या जोड्या जमल्या, पिल्लंही झाली.

मग बिअरींच्या गटानं तसलेच व्होल घेऊन मैत्री तपासली. प्रेअरी व्होल जोडीदाराखेरीज मित्रही निवडून ठेवतात. दोन माद्या एकत्र ठेवल्या की साधारण दिवसभरात त्यांचं जमतं. ग्राही नसलेल्यांना आठवडाभर लागला. अनेकांच्या घोळक्यात सोडल्यावर तर आपली मैत्रीण कोण, याचं त्यांना भानच राहिलं नाही.

मला सगळ्यात आवडला तो कळ दाबण्याचा प्रयोग. कळ दाबली की पलीकडच्या व्होलपाशी जाता येतं. एरवी मादी परक्यापेक्षा ओळखीच्यासाठी जास्त वेळा कळ दाबते, मग तो जोडीदार असो की मैत्रीण. ग्राही नसलेली मादी जोडीदारासाठी तशीच खटपट करते. मैत्रिणीसाठी मात्र करत नाही. म्हणजे ‘प्रेमाच्या’ संप्रेरकावाचून प्रेम निभावलं, अडली ती मैत्री!

व्होलवरून थेट माणसावर उडी मारू नये, हे खरंच. माणसाच्या मैत्रीत उधारी असते, रुसवे असतात, वीस वर्षांनी आलेला फोन असतो. पिंजऱ्यात यातलं काही मोजता येत नाही. पण फरक नुसत्या कमी-जास्तीचा असता, म्हणजे प्रेम ही अधिक शिजलेली मैत्री असती, तर एकाच रसायनाची उणीव दोघांना सारखीच भोवायला हवी होती.

जाता जाता आणखी एक गोष्ट. त्या बिनग्राहीच्या माद्या अनोळखी व्होलवर फारशा गुरगुरतही नव्हत्या. मैत्रीण निवडणं आणि परकीला हाकलणं यांचं मूळ एकच दिसतं. फ्रेंडशिप बँडच्या जाहिरातीत हे काही येणार नाही.