आईच्या नोंदीत बाळ, बाळाच्या नोंदीत आई

नवजात बाळाला कावीळ होते आणि त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं ठरतं. आई आरएच निगेटिव्ह असेल, तर तिचा रक्तगट तिथल्या डॉक्टरांना लगेच हवा असतो. म्हणजे बाळाची नोंद एकटी जाऊन चालत नाही. आईची नोंदही, नात्यासकट, पोचायला हवी. संगणकाला नेमकं हेच जड जातं.

आईच्या नोंदीत ‘अपत्य’ या रकान्यात बाळाकडे बोट दाखवलेलं असतं आणि बाळाच्या नोंदीत ‘आई’ या रकान्यात आईकडे. एकाच संगणकाच्या स्मृतीत याचा काही त्रास नाही. तिथे हे बोट म्हणजे फक्त एक पत्ता असतो. पण माझ्या घरातल्या कपाटाचा तिसरा कप्पा तुमच्या घरी कसा सापडणार? म्हणून माहिती बाहेर पाठवताना पत्ते सोडून सगळं सलग मजकुरात उतरवावं लागतं. यासाठी आज ‘जेसन’ नावाची पद्धत सर्रास वापरतात. तिची मांडणी डब्यात डबा अशी असते.

आता गंमत बघा. प्रोग्राम आईची नोंद लिहायला घेतो. त्यात बाळ येतं, म्हणून तो बाळ लिहू लागतो. बाळाच्या नोंदीत आई असते, म्हणून पुन्हा आई, पुन्हा बाळ… पायथन आणि जावास्क्रिप्ट या भाषांमधली नेहमीची साधनं हे चक्र ओळखतात आणि चूक दाखवून थांबतात. जिथे अशी तपासणी नसते, तिथे स्मृतीतली राखीव जागा संपेपर्यंत लेखन चालतं आणि मग प्रोग्राम कोसळतो.

खरं सांगायचं तर कोसळणं परवडलं. निदान कळतं तरी! धोका आहे तो घाईत केलेल्या डागडुजीत. ‘दोन पातळ्यांनंतर थांब’ असं सांगितलं, तर मजकुरात एकाच आईच्या दोन प्रती तयार होतात. पुढे एका प्रतीत पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद होते, दुसरी कोरीच राहते. दुसरी लोकप्रिय युक्ती म्हणजे ‘एकदा लिहिलेली नोंद पुन्हा आली की गाळ’. वरवर शहाणपणाची वाटते, पण जुळी झाली की पितळ उघडं पडतं. दोन्ही बाळांची आई एकच. इथे चक्र नाहीच, फक्त पुनरुक्ती आहे. तरी पहिल्या बाळाला आई मिळते, दुसऱ्याचा रकाना रिकामा राहतो. चूक कुठेच दिसत नाही. चक्र ओळखायचं तर ‘पूर्वी कधी लिहिलं का’ हे विचारून भागत नाही; ‘जे आत्ता लिहून पुरं व्हायचं आहे, त्याच्याच पोटात ते पुन्हा आलं का’ हे बघावं लागतं.

खात्रीचा उपाय आपल्या पंचनामा लिहिणाऱ्यांना केव्हाचा ठाऊक आहे. माणसाचं नाव, वय, पत्ता एकदाच लिहायचा. नंतर नुसतं ‘सदर इसम’. संगणकात प्रत्येक नोंद एकदाच, स्वतंत्र लिहायची, तिला क्रमांक द्यायचा आणि नात्याच्या रकान्यात फक्त क्रमांक टाकायचा. आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीसाठीचं ‘फायर’ हे आंतरराष्ट्रीय मानक याच वाटेने जातं आणि आपल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही तेच वापरतात.

वाचणाऱ्या बाजूलाही थोडी शिस्त लागते. आई वाचताना बाळ अजून तयारच झालेलं नसतं, त्यामुळे एका दमात नाती जुळत नाहीत. आधी सगळ्या नोंदी उभ्या करायच्या, मग दुसऱ्या फेरीत क्रमांक बघून दोरे बांधायचे. दोन रुग्णालयांचे क्रमांक सारखे निघण्याचा संभव असतो. म्हणून पाठवताना तात्पुरते क्रमांक देतात. घेणारा संगणक स्वतःचे नवे देतो आणि सगळे संदर्भ त्यानुसार बदलतो.

राहिली एक शक्यता. बाळाच्या नोंदीत आईचा क्रमांक आहे, पण त्या क्रमांकाची नोंद आलेलीच नाही. अशा वेळी चांगली प्रणाली रकाना मुकाट्याने कोरा ठेवत नाही. ‘आईची नोंद पोचली नाही’ असं ठळकपणे दाखवते, म्हणजे परिचारिकेला आधीच्या रुग्णालयात फोन करून रक्तगट विचारता येतो.