नवं लक्ष्य सापडलं म्हणजे नवी गोळी आली असं नव्हे

पावसाळा लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते: ‘अ‍ॅझी पाचशेची एक स्ट्रिप द्या.’ घसा धरलेला, अंगात कणकण आणि सकाळची लोकल तर चुकवायची नाही. जुनी औषधं चालेनाशी झालीच, तर शास्त्रज्ञ नवी काढतील, असाही एक भरवसा मनात असतो. त्या भरवशात तथ्य किती, ते पाहू.

गैरसमज: अँटिबायोटिक फार घेतलं की शरीराला त्याची सवय होते.

वस्तुस्थिती: बदलतो तो जिवाणू, शरीर नव्हे. प्रत्येक अँटिबायोटिक जिवाणूच्या एका ठरावीक भागावर घाव घालतं. तो भाग म्हणजे त्या औषधाचं लक्ष्य. पेनिसिलिनचं लक्ष्य पेशीची भिंत बांधणारी प्रथिनं, अ‍ॅझिथ्रोमायसिनचं (काउंटरवरची ‘अ‍ॅझी’) प्रथिनं बनवणारं रायबोसोम, तर सिप्रोफ्लॉक्सासिनचं डीएनएचा पीळ सांभाळणारी विकरं. जिवाणू या लक्ष्याचा आकार बदलतो, औषध तोडणारं विकर तयार करतो किंवा आत आलेलं औषध बाहेर फेकतो. लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये औषधांच्या यादीसमोर ‘एस’ किंवा ‘आर’ छापलेलं असतं. ‘आर’ म्हणजे त्या औषधाला हा जिवाणू दाद देत नाही. बदल जिवाणूत होतो, म्हणूनच जन्मात अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही हट्टी जिवाणूची लागण होऊ शकते.

गैरसमज: नवं अँटिबायोटिक म्हणजे नवं लक्ष्य.

वस्तुस्थिती: बहुतेक नवी औषधं जुन्याच लक्ष्यावर नव्या बाजूने मारा करतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं. न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, तीन दिवस घ्यायचं हे औषध. त्याचं लक्ष्यही रायबोसोमच, पण ते तिथे दोन ठिकाणी पकड घेतं. त्यामुळे जिवाणूने एक जागा बदलली तरी दुसरी पकड टिकण्याची शक्यता राहते. हे काम मोलाचंच आहे, पण ‘नवं लक्ष्य’ ही गोष्ट वेगळी.

गैरसमज: जिवाणूंचे जनुकसंच वाचून झाले, संगणकही दिमतीला आहे, आता लक्ष्य शोधणं सोपं.

वस्तुस्थिती: 1995 मध्ये एका जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच पहिल्यांदा वाचला गेला, तेव्हा कंपन्यांनाही असंच वाटलं होतं. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने 1995 ते 2001 या काळात जनुकांवरून निवडलेल्या लक्ष्यांवर सुमारे 70 मोठ्या चाळण्या लावल्या. पुढे नेण्याजोगे धागे हाती लागले जेमतेम पाच. लक्ष्य असं हवं की त्याच्यावाचून जिवाणू जगूच शकत नाही, आणि माणसाच्या पेशीत ते नसावं किंवा पुरेसं वेगळं असावं. शिवाय औषध तिथवर पोहोचायला हवं. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि बरीचशी औषधं तिथेच अडतात. आयसीयूत छळणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरवरच्या झोसुराबाल्पिन या औषधाने हे आवरणच लक्ष्य केलं आहे. आवरणासाठी लागणारा माल बाहेर वाहून नेणारी यंत्रणा ते बंद पाडतं. त्यावरचं संशोधन जानेवारी 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. पण प्रयोगशाळेतून रोग्यापर्यंतचा रस्ता अनेक वर्षांचा असतो.

गैरसमज: लक्ष्य अगदी नवं असेल, तर जिवाणूकडे त्यावर तोड नसेल.

वस्तुस्थिती: क्षयरोगाकडे पाहा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा 2012 च्या सुरुवातीला देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत बेडाक्विलिनला मान्यता मिळाली. सुमारे चाळीस वर्षांत क्षयावर खरोखर नव्या लक्ष्याचं औषध आलं ते हे. ते क्षयाच्या जंतूचं ऊर्जा तयार करणारं विकर, एटीपी सिंथेज, बंद पाडतं. सुस्त पडलेल्या जंतूलाही थोडी ऊर्जा लागतेच, त्यामुळे तोही सुटत नाही. भारतात 2016 मध्ये ते मोजक्या केंद्रांवर मिळू लागलं. पुढे मक्तेदारी लांबवू पाहणारा, ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनचा पेटंट अर्ज मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला आणि स्वस्त पर्यायांची वाट मोकळी झाली.

पण बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतूही आता सापडतात. काहींनी लक्ष्यच बदललं, काहींनी औषध बाहेर फेकणारे पंप वाढवले. म्हणून ते एकटं देत नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मान्यता दिलेल्या उपचारात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधं सहा महिने एकत्र घ्यायची असतात. पूर्वी अशा क्षयाचा उपचार वीस महिन्यांपर्यंत चालायचा.

गैरसमज: एवढी गरज आहे म्हटल्यावर कंपन्या औषधं काढतीलच.

वस्तुस्थिती: नवं अँटिबायोटिक जपून, अगदी शेवटी वापरायचं असतं. मग ते खपणार किती? अमेरिकेतल्या अकाओजेनच्या प्लाझोमायसिनला 2018 मध्ये मान्यता मिळाली आणि 2019 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

गैरसमज: हा मोठ्या हॉस्पिटलांचा प्रश्न; माझ्या तीन गोळ्यांनी काय बिघडतं?

वस्तुस्थिती: सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. उलट आतड्यातले साधे जिवाणू मरतात, हट्टी उरतात आणि प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात. मार्च 2014 पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-वन’नुसार सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं देताना केमिस्टने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव रजिस्टरमध्ये नोंदवून ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही.

डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: हे अँटिबायोटिक लागणारच आहे का, आणि आधी कल्चर करायचं का? आजार गंभीर असेल तर ते रिपोर्टसाठी थांबणार नाहीत, थांबूही नये. एरवी मात्र शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या किंवा मागच्या वेळची चिठ्ठी चालवू नका. नव्या लक्ष्याचं औषध येईपर्यंत हाताशी आहेत ती हीच औषधं, आणि ती किती वर्षं चालतील ते प्रयोगशाळेइतकंच आपल्या गल्लीतल्या मेडिकलवरही ठरतं.