लसणाची मान वाळली का?

रब्बीचा लसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि पुढच्या लागवडीला ऑक्टोबर उजाडतो. सात महिने, त्यात अख्खा पावसाळा! खाण्याचा लसूण आणि बियाणं, दोन्ही एवढा काळ टिकवायचं, म्हणून काढणीनंतरचे पंधरा दिवस मला फार मोलाचे वाटतात. नेमके तिथेच गैरसमज नडतात.

ऊन जितकं कडक तितका लसूण जास्त टिकतो, हा त्यातला सर्वांत घट्ट समज. उपटलेला गड्डा जिवंत असतो, श्वास घेत असतो. पातीतलं आणि मानेतलं पाणी हळूहळू उडालं, मान मिटली, वरचं साल कागदासारखं झालं की बुरशीची आत शिरायची वाट बंद होते. वाळवायचं ते एवढ्यासाठी. रणरणत्या उन्हात उघडे पडलेले गड्डे मात्र भाजतात आणि पाकळ्या पिवळट, मेणचट होतात. जाणते शेतकरी म्हणूनच शेतात दोन-तीन दिवस ठेवतानाही एका ओळीचे गड्डे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकतात. पुढचे आठ-दहा दिवस सावली आणि खेळती हवा. मान चिमटीत दाबून पाहावी. ओल लागली तर अजून थांबावं.

पात लगेच छाटली की लवकर वाळतो, असंही म्हणतात. पण ओली मान कापणं म्हणजे उघडी जखम. पातीसकट जुड्या बांधून टांगाव्यात. छाटायचीच तर वाळल्यावर, दोनेक सेंटिमीटर दांडा ठेवून. आणि मातीसाठी गड्डे धुऊ नयेत, सुकल्यावर ती झटकली तरी पडते.

घरी आणलेले गड्डे फ्रिजमध्ये सुरक्षित राहतात, हाही गैरसमजच. साधारण 5 ते 18 अंश सेल्सिअसचा गारवा लसणाची झोप मोडतो आणि कोंब फुटतात. शीतगृहात तो टिकतो, कारण तिथे तापमान शून्याच्या आसपास आणि आर्द्रता 60-70 टक्के असते. घरात हवेशीर, कोरडा कोपराच बरा. कोंब आलेला लसूण विषारी नसतो. चव थोडी कडवट होते, इतकंच.

तेलाचं मात्र खरंच जपा. सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवल्या की टिकतात, हा समज जिवावर बेतू शकतो. मातीतून आलेल्या बोटुलिझमच्या जिवाणूला तेलाखाली हवा लागत नाही, लसणात पुरेसा आंबटपणाही नसतो. तिथे तो विष तयार करतो आणि वासावरून ते कळत नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये 1985 साली फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे 36 जणांना बाधा झाली होती. असं तेल करायचंच तर थोडं करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं. सोललेला लसूण जास्त असेल तर डबाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावा.