मदरबोर्ड बदलला, आता विंडोजचं काय?

पावसाळ्यात वीज ये-जा करते आणि एखाद्या सकाळी कॉम्प्युटर चालूच होत नाही. दुकानदार कॅबिनेट उघडून सांगतो, "बोर्ड उडालाय." नवा बोर्ड बसतो, मशीन सुरू होतं आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं उमटतात. मग जितकी तोंडं तितके सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं नवीन लायसन्स घ्या, कोणी म्हणतं नुसतं लॉगिन करा, कोणी पेन ड्राइव्हवर ‘ॲक्टिव्हेटर’ आणून देतो.

यातले बरेच सल्ले अगदीच निराधार नसतात. ते दुसऱ्या काळातल्या विंडोजसाठी किंवा दुसऱ्या प्रकारच्या लायसन्ससाठी खरे असतात. म्हणून सल्ला ऐकण्याआधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते कळायला हवं.

गैरसमज १ : लायसन्स हार्ड डिस्कमध्ये असतं. डिस्क बदलली की ते गेलं.

वस्तुस्थिती : जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेव्हापासून बहुतेक घरगुती मशीनचं लायसन्स ‘डिजिटल’ असतं. ॲक्टिव्हेशनच्या वेळी विंडोज कॉम्प्युटरच्या भागांवरून एक ओळख तयार करतं आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवली जाते. सातबाऱ्याचा घरातला कागद हरवला म्हणून जमीन जात नाही, कारण नोंद दप्तरी असते, तसंच हे.

त्यामुळे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, नव्याने विंडोज टाकलं, तरी चिंतेचं कारण नाही. इन्स्टॉल करताना की मागितली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ हा पर्याय निवडायचा. मात्र पूर्वी होती तीच आवृत्ती टाकायची: होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. इंटरनेट जोडलं की मशीन ओळखलं जातं आणि ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. दुकानात फॉरमॅट मारताना सरसकट प्रो टाकलं जातं आणि होमचं लायसन्स जुळत नाही, असं अनेकदा होतं. तिथे दोष नव्या डिस्कचा नसतो.

गैरसमज २ : कोणताही पार्ट बदलला की पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागतं.

वस्तुस्थिती : ही समजूत २००१ च्या विंडोज एक्सपीपासूनची आहे. एक्सपी कॉम्प्युटरचे दहा घटक तपासायचं. त्यात रॅम, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, अगदी सीडी ड्राइव्हसुद्धा होता. थोड्या काळात बरेच घटक बदलले की ते पुन्हा ॲक्टिव्हेशन मागायचं.

आज रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड किंवा पॉवर सप्लाय बदलला, तर सहसा काहीच होत नाही. खरा फरक पडतो तो मदरबोर्डने. कोणत्या भागाला किती वजन, हे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेलं नाही. पण मोठ्या बदलाचं उदाहरण म्हणून कंपनी स्वतः मदरबोर्डचंच नाव घेते. बोर्ड बदलला की सर्व्हरच्या दृष्टीने ते वेगळं मशीन ठरू शकतं.

गैरसमज ३ : मदरबोर्ड बदलला म्हणजे नवीन लायसन्स विकत घ्यायलाच हवं.

वस्तुस्थिती : लायसन्स कसं मिळालं होतं यावर ते अवलंबून आहे.

*रिटेल.* मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेल्या मशीनसाठी तुम्ही विंडोजचा खोका किंवा की वेगळी विकत घेतली असेल, तर ते लायसन्स तुमच्याबरोबर पुढच्या मशीनवर जाऊ शकतं. अट एवढीच, की एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर वापरायचं. जुन्यावरून ते काढायचं.

*ओईएम.* लॅपटॉप किंवा ब्रँडेड डेस्कटॉपबरोबर आलेलं विंडोज त्या मशीनपुरतं असतं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून त्याची की बहुधा बोर्डवरच्या बायॉस चिपमध्येच साठवलेली असते. पूर्वी लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेलं कीचं लेबल त्यामुळेच दिसेनासं झालं. हौसेने दुसरा, अधिक ताकदीचा बोर्ड बसवला तर हे लायसन्स लागू राहत नाही. पण मूळ बोर्ड बिघडला आणि उत्पादक कंपनीने त्याच मॉडेलचा किंवा त्याच्या तोडीचा बोर्ड बसवून दिला, तर नवीन लायसन्स घ्यावं लागत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे नव्या बोर्डात की भरण्याची सोय असते. म्हणून मशीन ताब्यात घेताना तिथेच ॲक्टिव्हेशन तपासून घ्यावं.

*व्हॉल्यूम.* हे कार्यालयं आणि कॉलेजांसाठीचं लायसन्स. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते असेल तर बोर्ड बदलल्यावर आयटी विभागाकडेच जावं.

आपलं लायसन्स यातलं कुठलं, हे शोधता येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘एसएलएमजीआर’, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ एवढं टाइप करा. छोटी खिडकी उघडते. तिच्यातल्या वर्णनात रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसतो.

गैरसमज ४ : एखाद्या सॉफ्टवेअरने की काढून वहीत लिहून ठेवली की झालं.

वस्तुस्थिती : डिजिटल लायसन्स असलेल्या मशीनवर अशी सॉफ्टवेअर जी २५ अक्षरी की दाखवतात, ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टची सर्वसाधारण की असते. एकाच आवृत्तीच्या असंख्य कॉम्प्युटरवर तीच सापडते. तिने विंडोजची आवृत्ती निवडली जाते, पण मालकी सिद्ध होत नाही. जपून ठेवायची ती खरेदीची पावती, खोक्यातलं कार्ड किंवा की आलेला ई-मेल.

गैरसमज ५ : मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की लायसन्स आपोआप मागून येतं.

वस्तुस्थिती : येतं, पण आपोआप नाही. लायसन्स अकाउंटला जोडायची सोय ऑगस्ट २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आली. ती जोडणी बोर्ड बदलण्याआधी झालेली असावी लागते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन या क्रमाने गेल्यावर ‘डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असं दिसलं तर काम झालेलं आहे. फक्त ‘डिजिटल लायसन्स’ एवढंच दिसलं, तर तिथेच अकाउंट जोडून घ्यावं.

बोर्ड बदलल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करा आणि याच पानावरचा ‘ट्रबलशूट’ दाबा. पुढे ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली’ निवडून तेच अकाउंट द्या. यादीत आपलं मशीन दिसेल; ते निवडा, ‘धिस इज द डिव्हाइस आय ॲम यूझिंग राइट नाऊ’ या ओळीवर खूण करा आणि ॲक्टिव्हेट करा. यादीत मशीन नसेल, आवृत्ती जुळत नसेल किंवा पुन्हा ॲक्टिव्हेट करण्याची मर्यादा संपली असेल, तर इथे काम अडतं. अशा वेळी रिटेल लायसन्स असलेल्यांनी पावती हाताशी ठेवून मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राशी बोलावं.

गैरसमज ६ : ॲक्टिव्हेशन गेलं की कॉम्प्युटर लॉक होतो, फायली जातात.

वस्तुस्थिती : या भीतीलाही इतिहास आहे. एक्सपी नव्याने टाकल्यावर ३० दिवसांत ॲक्टिव्हेट केलं नाही, तर ते आत येऊ द्यायचं नाही. आजचं विंडोज तसं करत नाही. कोपऱ्यात ती फिकट अक्षरं राहतात, वॉलपेपर आणि रंगसंगती बदलायच्या सेटिंग्ज बंद होतात. फायली जागच्या जागी असतात, सुरक्षेचे अपडेटही येत राहतात. अर्थात, म्हणून तसंच वापरत राहणं लायसन्सच्या अटींत बसत नाही.

बोर्ड बदलल्यावर खरोखर दार बंद करणारी गोष्ट वेगळीच आहे: बिटलॉकर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचं कुलूप बोर्डवरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम या सुरक्षा घटकाशी जोडलेलं असतं. बोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर डेटा परत मिळवायचा मार्ग उरत नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलं, तर बहुतेक मशीनवर हे एन्क्रिप्शन आपणहून चालू होतं. अनेकांना त्याचा पत्ताही नसतो.

गैरसमज ७ : ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत की मिळते, तीच टाकावी.

वस्तुस्थिती : अशा स्वस्त की बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेल्या किंवा दुसऱ्या मशीनच्या असतात. आज चालतात, उद्या ब्लॉक होतात. ‘ॲक्टिव्हेटर’ नावाचे प्रोग्राम संस्थांच्या केएमएस या सामूहिक ॲक्टिव्हेशन पद्धतीची नक्कल करतात. खऱ्या केएमएसमध्ये किमान २५ कॉम्प्युटर लागतात आणि प्रत्येकाने १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरला भेटून मुदत वाढवून घ्यायची असते. नकली सर्व्हर चालवायला अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलं जातं. मागोमाग व्हायरस येतो.

विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की टाकून नवीन विंडोज ॲक्टिव्हेट करायची वाटही आता नाही. मोफत अपग्रेडची मुदत जुलै २०१६ मध्येच संपली होती. पुढे उघडी राहिलेली ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

कॅबिनेट उघडण्याआधी

• लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे आणि आवृत्ती होम की प्रो, ते पाहून लिहून ठेवा.
• लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा आणि त्या अकाउंटचा पासवर्ड आठवतो का, ते तपासा.
• बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर किंवा वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या.
• फायलींचा बॅकअप घ्या.
• लॅपटॉप वॉरंटीत असेल तर बाहेरच्या दुकानात बोर्ड बदलू नका.

बोर्ड आधीच उडाला असेल तर यातलं निम्मं हातातून गेलेलं असतं. तरी मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडून रिकव्हरी की तिथे साठवलेली आहे का, ते पाहता येतं. ती सापडेपर्यंत "फॉरमॅट मारून देतो" म्हणणाऱ्याला थांबवा. विंडोज पुन्हा टाकता येतं आणि लायसन्स फार तर पुन्हा विकत घेता येतं. पुसला गेलेला डेटा मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.