दुसऱ्याच्या खोल्या आणि भाड्याचा हिशोब



चाकण एमआयडीसीच्या आजूबाजूच्या गावांत आता शेताच्या बांधापर्यंत भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत. कंपनीत कामाला आलेली मुले, नवी जोडपी तिथे राहतात. खोल्यांचे मालक मात्र पुष्कळदा गावात नसतात. कोणी पुण्याला, कोणी मुलाकडे मुंबईला. अशा मालकांच्या खोल्या सांभाळायचे काम आमच्या बचत गटाने घेतले आहे. भाडे जमा करायचे, लाईट बिल भरायचे, नळ-मोटार दुरुस्त करून घ्यायची आणि महिन्याला मालकाला हिशोब पाठवायचा. यातले हिशोबाचे काम आम्हाला सगळ्यात सोपे वाटले होते. गटाची रोजकीर्द लिहितो, मग हे काय अवघड?

आमच्या पहिल्या मालकीणबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सगळे गाव त्यांना बाईच म्हणते. त्यांच्या ८ खोल्या, प्रत्येकीचे भाडे ४,५०० रुपये. आमचा मेहनताना जमा भाड्यावर शेकडा ६ ठरला. दर महिन्याच्या १० तारखेला आम्ही खर्च वजा करून राहिलेली रक्कम बाईंच्या खात्यावर पाठवायचो आणि फोनवर एक ओळ टाकायचो, ‘बाई, भाडे जमा केले.’ सहा-सात महिने असेच चालले.

एका महिन्यात बाईंच्या खात्यावर फक्त १८,७६० रुपये गेले. बाईंचा फोन आला, ‘अगं, आठ खोल्यांचं भाडं एवढंच कसं?’ आमच्याकडे उत्तर होते, पण ते एकीच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. एक भाडेकरू महिन्याच्या सुरुवातीलाच खोली सोडून गावी निघाला होता. त्याची रात्रीची गाडी होती. त्याचे ९,००० रुपये डिपॉझिट खरे तर बाईंकडे होते, पण मुलगा अडकायला नको म्हणून आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी जमलेल्या भाड्यातून रोख देऊन टाकले. त्याच आठवड्यात पाण्याची मोटार जळाली, १,८५० रुपये गेले. ताईंनी काहीच चुकीचे केले नव्हते. फक्त कुठेही सही घेतली नव्हती.

बाईंच्या मुलाने गावात कोणाला तरी विचारले, ‘गटाच्या बायका पैसे वापरतात का?’ तो प्रश्न फिरत फिरत ताईंच्या घरी पोचला. ताईंनी बैठकीत किल्ल्यांचा जुडगा सतरंजीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘मी उद्यापासून येणार नाही.’ गेलेल्या मुलाचा फोन बंद. शेवटी शेजारच्या खोलीतल्या मुलाने त्याच्या गावचा नंबर मिळवून दिला, आणि त्याने ९,००० मिळाल्याचे कागदावर लिहून फोटो पाठवला. यात ११ दिवस गेले. त्या ११ दिवसांत ताई दळणालासुद्धा बाहेर पडल्या नाहीत.

नंतर आम्ही तोच महिना वहीत नीट मांडून पाहिला. सात खोल्यांचे आलेले भाडे ३१,५००. मोटारीचे १,८५० वजा. आमचा मेहनताना १,८९० वजा. राहिले २७,७६०. आणि त्याखाली वेगळी ओळ : बाईंकडच्या डिपॉझिटमधून भाडेकरूला परत ९,०००, ते आम्ही भाड्यातून दिले म्हणून वजा. पाठवले १८,७६०. सहा ओळींचा कागद. हा पहिल्या दिवशी गेला असता तर कोणी कोणाला काही विचारले नसते. डिपॉझिट ही बाईंची कमाई नव्हतीच, भाडेकरूची ठेव होती, त्यामुळे ते परत जाणे हे नुकसानही नव्हते. पण नुसता शेवटचा आकडा पाठवला की ठेव, खर्च आणि भाडे सगळे एकात मिसळते आणि तुटवडा दिसतो.

आता आमची पद्धत अशी आहे. महिनाअखेरीला प्रत्येक खोलीला मागणीची चिठ्ठी जाते : भाडे किती, लाईटचे किती, मागची बाकी किती. पैसे आले की लगेच पावती, तिची दुसरी प्रत आमच्या पुस्तकात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या भागांना लागू आहे तिथे पावती देणे घरमालकावर बंधनकारकच आहे, न दिल्यास दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपले गाव त्यात येवो न येवो, पावती द्यावी. रोख रक्कम ५,००० च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे.

फोनवरून येणाऱ्या पैशांत एक गंमत होते. खोली एकाची, पैसे येतात मित्राच्या नावाने. महिन्याने ते नाव पाहून काही कळत नाही. म्हणून पैसे आले की त्याच दिवशी पुढे खोलीचा नंबर लिहायचा आणि दर सोमवारी पासबुकाशी ताडून पाहायचे.

हे भाडे सुरुवातीला आम्ही गटाच्या बचत खात्यातच घेत होतो. तीही चूक होती. खात्यात पैसे दिसतात म्हणून एकदा त्यातूनच एका सभासदाला अंतर्गत कर्ज दिले गेले, आणि १० तारखेला धावपळ झाली. आता भाड्याचे खाते वेगळे आहे, दोघींच्या सहीचे.

खर्चाला १,००० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्यावरच्या कामाला आधी मालकाला फोन. मोटारीसारखे अडलेले काम असेल तर आधी करून घ्यायचे, पण त्याच दिवशी कळवायचे. मोटार बांधणारा छापील बिल देत नाही, मग आपल्याच व्हाउचरवर कामाचे नाव, रक्कम, त्याची सही आणि फोन नंबर घ्यायचा. जळालेला भाग दाखवायला ठेवून द्यायचा.

लाईट बिलाचे भांडण मात्र सगळीकडे आहे. मोठा मीटर एक, खोल्यांना सबमीटर. महावितरणच्या घरगुती बिलात युनिट वाढतील तसा वरच्या टप्प्याचा दर चढतो. आठ खोल्या एकाच मीटरवर म्हटल्यावर बिल सहज वरच्या टप्प्यात जाते, आणि ज्याने एक दिवा आणि पंखा वापरला तोही ओरडतो. शिवाय सबमीटरची बेरीज मोठ्या मीटरपेक्षा कमी भरते, कारण मोटार आणि जिन्याचा दिवा कोणाच्याच सबमीटरवर नसतो. आम्ही मूळ बिल भिंतीवर लावतो. सामाईक युनिट आठ खोल्यांत सारखे वाटतो, बाकीचे ज्याच्या त्याच्या रीडिंगप्रमाणे. लाईटचे पैसे भाड्याच्या बेरजेत धरत नाही, त्यावर मेहनतानाही घेत नाही. भाडेकरूंकडून आले, महावितरणला गेले, असे त्याचे पान वेगळे.

बाईंना मार्चअखेर या कागदांचा वेगळाच उपयोग झाला. कर सल्लागाराने विचारले, ‘वर्षाचं पूर्ण भाडं किती?’ खात्यात तर खर्च कापून आलेली रक्कम होती. घरभाड्याच्या उत्पन्नात पूर्ण भाडे दाखवावे लागते. त्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि राहिलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के सूट मिळते. मोटार किंवा आमचा मेहनताना पुन्हा वेगळा वजा होत नाही. म्हणजे बाईंनी पासबुकावरून आकडा दिला असता तर तो कमी पडला असता. म्हणून आमच्या हिशोबात पहिली ओळ नेहमी पूर्ण भाड्याची असते आणि येणे बाकी राहिलेल्या खोलीचा नंबर तिच्याखाली.

ताई परत आल्या. आधी व्हाउचर बुक आणा, मग किल्ल्या घेते, एवढीच त्यांची अट होती. बाईंचा मुलगा अजून अधूनमधून फोन करतो, अमुक खर्च कशाचा म्हणून विचारतो. ताई त्याला व्हाउचरचा फोटो पाठवतात.