मदतीची पडताळणी

युद्धग्रस्तांच्या छावणीत मूल्यमापनाला आलेल्या पथकापुढे आधी ठेवल्या जातात त्या वाटपाच्या नोंदवह्या. किती पोती तांदूळ आला, किती ब्लँकेटे वाटली, हे त्यांत चोख सापडते. चुलीवर काय शिजले आणि कुणाचे नाव यादीत चढलेच नाही, हे त्यांत नसते. खरे काम तिथून पुढचे.

तुलनेला मानके आहेत. 1997 मध्ये सुरू झालेल्या ‘स्फिअर’ उपक्रमाने माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी आणि डोक्यावर छप्पर असलेली 3.5 चौरस मीटर जागा, अशी मापे घालून दिली. पण टाकीतल्या पाण्याला लोकसंख्येने भागून आलेले 15 लिटर कागदावरचे. नळाला लागलेली रांग, शेवटच्या ओळीतल्या तंबूत शिल्लक असलेल्या कळशा आणि पाण्याला पाठवलेल्या मुलीची बुडालेली शाळा पाहिली, की वेगळाच आकडा हाती येतो. पोषणाचे मोजमाप त्या मानाने सरळ असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी गुंडाळायची. घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण तीव्र. मेळघाटातल्या अंगणवाडी सेविकांना ही पट्टी चांगली परिचयाची आहे. ती फार घट्ट ओढली की धडधाकट मूलही कुपोषितांत जाते, म्हणून मोजणाऱ्याचा हातही तपासावा लागतो.

बाजारात शिध्याचे तेल विकायला दिसले, की अहवालात ‘गैरवापर’ लिहिण्याची घाई होते. बहुतेकदा त्या पैशातून सरपण किंवा दळण भागवलेले असते; म्हणजे चूक घेणाऱ्याची नसून शिधा ठरवणाऱ्याची. हे कळायला बायकांशी वेगळे बोलावे लागते. छावणीच्या पुढाऱ्यासमोर त्या ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतात. रवांडातील मदतकार्याच्या 1996 च्या संयुक्त मूल्यमापनाने तर याहून मोठी गोष्ट मांडली: राजकीय निर्णय टाळून नुसती मदत धाडल्याने प्रश्न सुटत नाही.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीला हे निकष लावून पाहण्यासारखे आहेत. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य बायका-मुले, 1943 ते 1948 या काळात तिथे राहिले. दवाखाना, चर्च, पोलिश शाळा, स्काउट पथके, नाटके असे सगळे तिथे उभे राहिले. किमान मानकांच्या तक्त्यात नाटकाला रकाना नसतो. पाच वर्षे घराबाहेर काढलेल्या मुलांच्या बाबतीत तो असायला हवा होता. छावणी लंगडी पडली ती शाश्वततेत. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारवर होता. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने त्याची मान्यता काढून घेतली आणि पुढे कुणी, किती दिवस पोसायचे, हा प्रश्न उघडा पडला. युद्ध संपले तरी घर सोव्हिएत हद्दीत गेलेल्यांना परतायला जागा नव्हती. अनेकांची रवानगी पूर्व आफ्रिकेत आणि ब्रिटनमध्ये झाली. त्यांच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, तेच आजचे गांधीनगर.

माजी रहिवाशांच्या लंडनमधील संघटनेने पुढे छावणीच्या आठवणी आणि कागदपत्रे जमवली. मदत घेणाऱ्यांनीच मांडलेला असा हिशेब क्वचित मिळतो. तोही बहुतांशी त्या वेळी लहान असलेल्यांचा आहे. घर चालवणाऱ्या आयांचे म्हणणे त्यात कमी सापडते.